वाडग्यातली शितं

"सरका."

रविवारची दुपार, हाँगकाँगच्या शाम शुई पोतली नेहमीची खानावळ, आणि समोर बसलेला कोण कुठला माणूस सिन-यूला सांगत होता की सरका. टेबल वाटून घेण्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून ती लहानपणापासून जेवत आली होती. पण माणूस कसं बोलतो... जरा सरकता का हो, सरका की थोडं, शेवटी काहीतरी मऊ लावतो की नाही? इथे तर भांडतानाही कोणी वाक्याला शेपूट लावल्याशिवाय राहत नाही. ह्याने मात्र शब्द सुरीने कापून टेबलावर टाकला होता.

"टेबल काय तुमच्या तीर्थरूपांनी आणून ठेवलंय इथे?" ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "सरका."

"नाही सरकत. काय कराल?"

त्याने जरा विचार केला. मग हातातल्या चॉपस्टिक वर करून छताकडे दाखवलं. "पाणी."

तिने वर पाहिलं. एसी गळत होता. थेंब थेंब, अगदी सावकाश, तिने पो-पोसाठी, म्हणजे आईच्या आईसाठी, घेतलेल्या केकच्या खोक्यावर. खोक्याचं झाकण मधोमध खचलं होतं.

आता सिन-यू एका एसी कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. आठवडाभर लोक तिला ओरडून सांगायचे की एसी गळतो, आणि ती मधाळ आवाजात म्हणायची, हो का, किती त्रास झाला असेल ना तुम्हाला. आठवडाभर गिळलेला राग ती रविवारी काढायची. आणि आज, हक्काच्या रविवारी, आपल्याच डोक्यावरचा एसी गळतोय हे एका उद्धट माणसाने आपल्याला सांगावं... तिने खोकं उचललं, खुर्ची सरकवली आणि आभार मानले नाहीत.

तो जेवत राहिला. वाडग्यात वाफवलेला भात, वर डुकराच्या फासळ्या. दिसायला वाईट नव्हता, हे तिला कबूल करायचं नव्हतं, पण डोळे थोडेच आपलं ऐकतात? रुंद मनगटं, कपाळावर आलेली बट, आणि भुवया अशा की... जाऊ दे. मग त्याने वाडगा तोंडाशी नेला आणि शीत न् शीत टिपून घेतलं. वाडगा धुतल्यासारखा लख्ख झाला. ते पाहून सिन-यूला शाळेतलं काहीतरी आठवलं आणि तिचा पारा आणखी चढला.

वाडगा खाली ठेवून तो तिच्याकडे बघत बसला.

"तुमच्या गालावर तीन खड्डे आहेत," तो म्हणाला. "कांजिण्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

"मलाही झाल्या होत्या," तो मागून म्हणाला. "पाठीवर आहेत."

"मग लोकांकडे पाठ करून जेवत जा," ती म्हणाली, आणि भिजका केक घेऊन चालू लागली.

पो-पोचा वृद्धाश्रम दोन गल्ल्या सोडून, कापडाच्या दुकानांवरच्या मजल्यावर होता. उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण सिन-यूचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. जिने चढता येईपर्यंत पो-पोला इथेच राहणं भाग होतं. तिचा एकच ध्यास होता, तुंग-चीला घरी जायचं. डिसेंबरातला तो वर्षातला सगळ्यात लहान दिवस, त्या रात्रीचं जेवण घरच्या माणसांनी एकत्र बसून करायचं असतं. चौऱ्याऐंशी वर्षांत पो-पोने ते कधी परक्या टेबलावर केलं नव्हतं.

आज मात्र ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काय झालं, पो-पो?"

"काही नाही. केक भिजलाय."

"केकचं राहू दे. रडलीस का?"

"तो नवा आलाय ना, व्यायाम करून घेणारा..." पो-पोने रुमालात नाक शिंकरलं. "रागावतो गं मला. उभ्या राहा. चाला. बसू नका. मी काय त्याचं घोडं मारलंय? माझ्या सख्ख्या नवऱ्यानेसुद्धा मला असं कधी म्हटलं नाही. बस म्हणायचा तरी बस गं बाई असं म्हणायचा."

सिन-यू तशीच उठून मेट्रन क्वानबाईंच्या खोलीत गेली. म्हाताऱ्या माणसांवर गुरकावणारे लोक तुम्ही ठेवताच कसे, घरचे काही बोलत नाहीत म्हणून तुम्ही काहीही चालवून घेणार का, माझ्या आजीने आयुष्यभर प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात उभ्याने काम केलंय, तिला उभं राहायला कोणी शिकवायची गरज नाही... एका दमात तिने सगळं सुनावलं. क्वानबाई शांतपणे ऐकत होत्या. तक्रार पहिली नव्हती.

"परीक्षेवर ठेवलाय त्याला," त्या म्हणाल्या. "तुंग-चीपर्यंत बघू. तेव्हाही तुम्ही सगळे हेच म्हणालात तर जाईल परत कॅनडाला. तसा कामाला चोख आहे हो. हा बघा, आलाच."

दारात तोच उभा होता. रुंद मनगटं, भुवया, सगळं.

"केक भिजला," तो तिला म्हणाला.

"तुम्ही?" सिन-यू मेट्रनबाईंना विसरून त्याच्याकडे वळली. "तुम्हाला म्हाताऱ्या माणसांचा एवढा राग का येतो?"

"येत नाही."

"मग असं का बोलता?"

"कसं?"

तिने नीट बघितलं. तो टिंगल करत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

पलीकडच्या खोलीतून पो-पोचा आवाज आला. तिचे पाय कच्चे झाले असले तरी कान शाबूत होते. "आ-यू, हाकलू नका गं त्याला. हात चांगले आहेत त्याचे, धरतो तेव्हा पडायची भीती वाटत नाही. तोंडच तेवढं खडबडीत आहे. तू शिकव त्याला बोलायला. तुला काय, तोंड आहेच."

"मी? मी का म्हणून शिकवायचं?"

"मला तुंग-चीला घरी जायचंय म्हणून," पो-पो म्हणाली.

अशी ती शिकवणी सुरू झाली, त्याच खानावळीत, त्याच टेबलावर, दर रविवारी. सिन-यूने पहिल्याच दिवशी बजावलं की हे पो-पोच्या पायांसाठी आहे, तुमच्या तोंडासाठी नाही. तो बरं म्हणाला. नुसतंच बरं, शेपटाशिवाय.

त्याचं आडनाव सीतो. कॅनडातल्या विनिपेगला वाढलेला, हिवाळ्यात जिथे दारं बर्फाने बंद होतात त्या गावात. आईबाप लहानपणीच वेगळे होऊन दोन दिशांना गेले आणि आजोबांनी त्याला आपल्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात वाढवलं.

"आजोबा काय बोलायचे?" तिने विचारलं.

"घे. काप. गरम आहे. सरक."

"आणि?"

"एवढंच. कढई मोठी होती. आवाज यायचा. जास्त बोललं तर जळायचं."

सिन-यूच्या जिभेवर एक टोमणा तयार होता. तो तिने चहाबरोबर गिळला. तोंडाने मात्र म्हणाली, "म्हणजे तुम्ही आपली कँटोनीज शिकला नाहीत, ऑर्डर घ्यायला शिकलात. ऐका आता. बसा म्हणायचं तर त्याला 'ला' लावा. 'ला' लावलं की हुकमाची विनंती होते. उघड उघड दिसणाऱ्या गोष्टीला 'लो' लावा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की हे काय विचारायचं. 'मे' लावलं की, खरं की काय, मला नाही पटत. 'जे' म्हणजे एवढंच तर आहे, त्यात काय. 'वो' म्हणजे बरं का, लक्षात ठेवा. आणि शेवटी 'आ' लावलं की बोलण्यात माया येते."

"कोणत्या वाक्याला काय, हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. पोटात काय चाललंय ते आधी बघायचं, मग आपोआप येतं."

"माझ्या पोटात भात आहे."

"हसवताय का मला?"

"नाही," तो म्हणाला, मग जरा थांबून चाचरत, "नाही... ला?"

"तिथे नाही लागत ते."

पुढच्या आठवड्यात त्याने 'ला' मिठासारखं सगळ्यावर टाकलं. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या तामकाकांचा गुडघा वाकवताना "दुखेल ला" म्हणाला, आणि काकांना वाटलं हा दुखून घ्यायचा आग्रह करतोय. मेट्रनबाईंनी उशीर का झाला विचारलं तर "बस चुकली लो" म्हणाला, म्हणजे एवढंही कळत नाही का बाई तुम्हाला. सिन-यूला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. वाढप्याला बोलावून तिने सीतोला दहा तऱ्हांनी पाणी मागायला लावलं. म्हातारा वाढपी किटली घेऊन उभा राहिला आणि प्रत्येक वेळी मान हलवून शेरा देऊ लागला... हे सासऱ्यासारखं झालं, हे पोलिसासारखं, हे बरं होतं, ह्याला मी पाणी दिलं असतं.

"तुम्ही रागावता तेव्हा सगळी शेपटं एकदम येतात," सीतो एकदा म्हणाला.

"मी रागावत नाही. माझं बोलणंच असं आहे."

"खरं की काय... मे?"

'मे' अगदी जागच्या जागी बसलं होतं. तिने हसू दाबायला चहाचा पेला तोंडाला लावला, आणि पेल्यावरून तिची नजर त्याच्या नजरेला अडखळली. दोघांनीही लगेच आपापल्या वाडग्यात बघितलं.

मग तिच्या काही गोष्टी लक्षात येऊ लागल्या, आणि लक्षात आल्या म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ती पोचायच्या आधी तो तिचा वाडगा आणि चॉपस्टिक गरम चहाने विसळून ठेवायचा, इथे घरचं माणूस घरच्या माणसासाठी करतं तसं. एसीखालच्या खुर्चीवर आता तोच बसायचा. त्याच्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढा ओला डाग पडायचा आणि तो त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. खानावळवाल्याला एसी दुरुस्त करून घ्यायला सांगणं तिला एका फोनचं काम होतं. तिने तो फोन केला नाही.

नोव्हेंबर उजाडला. हवा कोरडी झाली, खानावळीत एसीची गरज उरली नाही, तरी तो त्याच खुर्चीवर बसायचा.

"एक विचारू का... आ?" एका रविवारी तो म्हणाला. आता त्याची शेपटं बरीच जागेवर येत होती. "आजोबा रात्री विचारायचे, जेवलास? आणि मग घशातून एक आवाज काढायचे. आआ, असा, खाली उतरत. मला वाटायचं कफ आहे."

सिन-यूने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"रोज?"

"रोज. गेले त्या आठवड्यातही. मी डॉक्टरला सांगितलं होतं, कफ आहे म्हणून."

तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. थोडा वेळच. मग किटलीचं झाकण उघडं करून ठेवलं, म्हणजे वाढपी येऊन पाणी भरेल आणि आपल्याला दुसरीकडे बघता येईल.

इथवर सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला.

त्या रविवारी ती थोडी लवकर वृद्धाश्रमात गेली आणि जिन्यातच थबकली. आतून तिचाच आवाज येत होता. आवाज पुरुषाचा, पण बाकी सगळं तिचं... तोच तोरा, तीच फणकारणारी शेपटं, वाक्य संपवताना तोच वर जाणारा सूर.

"एवढंच चालणार? मला वाटलं, तामकाका म्हणजे माणूस आहे, तुम्ही तर खुर्ची निघालात. उठताय की मी रागावू? मी रागावले की काय होतं माहितीये ना, बरं का!"

ती दारापर्यंत आली. सगळा दिवाणखाना खदखदून हसत होता. तामकाका हसत हसत उठून चालत होते. पो-पो कठड्याला धरून उभी होती आणि डोळे पुसत होती, हसून हसून.

"अगदी आपली यू," कोणीतरी म्हणालं.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा कुठे मी बायकोसारखा बोलायला लागलो," तामकाका म्हणाले. "ह्या पठ्ठ्याचं तीन महिन्यांतच झालं."

आणि सगळ्यांनी एकदम दाराकडे बघितलं, कारण दारात ती उभी होती, लालबुंद होऊन.

ती तडक खानावळीत जाऊन बसली. तो मागून आला, समोर बसला, तिचा वाडगा विसळायला किटली उचलली. तिने वाडगा ओढून घेतला.

"माझी नक्कल करता? चारचौघांत?"

"नक्कल नाही."

"मग काय होतं ते? मी काय तमाशा आहे का लोकांना हसवायला? मी रविवारचा रविवार इथे येऊन घसा कोरडा करते आणि तुम्ही मलाच विकायला काढता?"

"मला एकच तर शिकवणारी होती," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं कुठून आणू?"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दोघं जेवले. मग नेहमीच्या सवयीने त्याने वाडगा उचलला आणि शेवटची शितं टिपायला लागला. एक, मग दुसरं, अगदी तन्मयतेने.

"तो वाडगा खाली ठेवा," ती म्हणाली.

त्याने खाली ठेवला. वाडगा लख्ख होता.

"इथे लहान मुलांना काय सांगतात माहितीये? वाडग्यात भात टाकलास तर बायको खड्ड्यांच्या गालाची मिळेल. जेवढी शितं, तेवढे खड्डे. मला आठव्या वर्षी कांजिण्या आल्या. शाळेत परत गेले तर वर्गातली सगळी मुलं डब्याच्या वेळी माझ्यासमोर येऊन वाडगे चाटायची आणि उलटे करून दाखवायची. बघ, एकही नाही. बघ, मीपण वाचलो. पुरं वर्षभर! पो-पो म्हणायची, रडू नकोस, कुठेतरी एक पोरगा भात टाकतोय, तो तुझा. कुठाय तो? मला तर सगळे घासूनपुसून खाणारेच भेटले. तुम्हीसुद्धा पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर बसून..."

आजूबाजूचे लोक चहात बघू लागले.

सीतोने लख्ख वाडग्याकडे बघितलं. "आजोबा उठू द्यायचे नाहीत," तो म्हणाला. "एक शीत राहिलं तरी."

"झालं ना मग. शिकवणीही झाली. माझ्याकडचं सगळं तुम्ही उचललंत."

ती निघून आली. रस्त्यात तिला दोनदा वाटलं की मागून हाक येईल. आली असती तर ती थांबली नसती, पण यायला काय हरकत होती, ह्याचाही तिला राग आला.

पुढच्या दोन रविवारी ती पो-पोला भेटायला मुद्दाम सकाळी गेली, त्याची सुट्टी असायची तेव्हा. तुंग-चीच्या आधी क्वानबाईंनी तिला खोलीत बोलावलं.

"सगळ्या घरच्यांना विचारतेय," त्या म्हणाल्या. "सीतोला ठेवायचं की नाही? तुमची तक्रार सगळ्यात मोठी होती. आणि खरं सांगू का, मलाही अजून थोडं वाटतं. आधी गुरकावायचा, आता फटकळपणा करतो. म्हाताऱ्यांना खुर्ची काय म्हणतो, मी रागावले काय म्हणतो..."

"फटकळ?" सिन-यू म्हणाली.

"जरा उद्धटच वाटतं हो."

"तो माझ्यासारखा बोलतो," सिन-यू म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला. "शब्द न् शब्द माझा आहे. म्हणजे मी उद्धट, असंच ना? तीन महिन्यांपूर्वी ही माणसं पलंगावर पडून असायची. आता तामकाका स्वतः उठून रेडिओ बंद करायला जातात. माझी पो-पो दोन मजले चढते, मधे न थांबता. चढताना तो तिच्या एक पायरी खाली असतो, पडली तर आधी त्याच्यावर पडावी म्हणून, ते तुम्हाला दिसत नाही, फटकळपणा तेवढा ऐकू येतो. त्याला काढलंत ना, तर मी रोज फोन करेन तुम्हाला. माझी नोकरीच तक्रारींची आहे, मला त्या कशा करायच्या ते चांगलं ठाऊक आहे."

क्वानबाईंनी चष्मा काढून पुसला. "ठेवायचा म्हणा की मग सरळ."

"ठेवायचाच लो," सिन-यू म्हणाली, आणि दार आपटून बाहेर पडली.

बाहेर सीतो पो-पोची काठी घेऊन उभा होता. दार पातळ होतं. त्याचे कान लाल झाले होते. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "पो-पोसाठी बोलले. तुमच्यासाठी नाही." आणि तरातरा निघून गेली.

तुंग-चीच्या संध्याकाळी पो-पो घरी आली. स्वतःच्या पायांनी, तीन मजले, कठडा एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात. सिन-यूने आणि आईने वरून दार उघडून धरलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आधी पो-पोचं पांढरं डोकं दिसलं, आणि तिच्या एक पायरी खाली तो. हातात संत्र्यांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"मी बोलावलंय त्याला," पो-पो धापा टाकत म्हणाली. "आता ह्याला कोणी परत पाठवायचं असेल तर त्याने मलाही खाली नेऊन सोडावं."

सिन-यूने चपला पुढे केल्या. आज घरच्यांनीच बसायचं असतं हे पो-पोला चौऱ्याऐंशी वर्षांत कोणी शिकवायला लागलं नव्हतं. एवढी घाई कशाची झाली होती तिला? आणि विचारायचं तरी होतं आधी. ह्या घरात सिन-यूला काही किंमत आहे की नाही?

टेबल लहान, माणसं चार. उकडलेली कोंबडी, वाळवलेल्या सॉसेजचा भात, अळंबी, आणि शेवटी आल्याच्या पाकातले गोड गोळे. आईने वाढलं. मग सगळे थांबले, कारण लहानांनी मोठ्यांना एकेकाला हाक मारून जेवा म्हटल्याशिवाय ह्या घरात कोणी चॉपस्टिक उचलत नसे.

"पो-पो, जेव," सिन-यू म्हणाली. "आई, जेव."

सीतो ताठ बसला. "पो-पो, जेवा हं," तो म्हणाला. "काकू, जेवा हं." मग त्याने तिच्याकडे वळून बघितलं. ती काही मोठी नव्हती, तिला हाक मारायचं कारण नव्हतं. तरी तो म्हणाला, अगदी खालच्या आवाजात, कुठल्यातरी जुन्या मुदपाकखान्यातून आणल्यासारखं, "आ-यू, जेव... आ."

आईने चटकन कोंबडीचा तुकडा पो-पोच्या वाडग्यात टाकला. सिन-यूने ठरवून भातात डोकं घातलं.

जेवण झालं. आई गोड गोळे आणायला आत गेली. सिन-यूने वर पाहिलं, तर सीतोने वाडगा खाली ठेवला होता. आज त्याने तो तोंडाशी नेला नव्हता. वाडग्याच्या तळाशी भाताची शितं होती.

तीन.

तो हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता, शिक्षा झाल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा भात टाकताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. एकदा त्याचा उजवा हात आपोआप चॉपस्टिककडे गेला, आणि त्याने तो डाव्या हाताने धरून खाली घेतला.

पो-पोने वाडग्यात बघितलं, मग नातीकडे बघितलं. "मला जरा बघू दे हं, आईला गोळे उचलवतात का," असं म्हणून ती काठी घेऊन उठली. गेल्या सहा महिन्यांत ती इतक्या चपळाईने कधी उठली नव्हती.

टेबलावर दोघंच राहिले.

"हे काय आहे?" सिन-यूने विचारलं.

"भात."

"संपव."

"नाही."

"संपव म्हणते ना. अन्न टाकू नये. आजोबा काय म्हणाले असते?"

"रागावले असते," तो म्हणाला. "मग विचारलं असतं, कोण आहे ती, म्हणून." त्याने मान वर केली. "मी खूप वाक्यं तयार करून आणली होती. जिन्यात पो-पोनी सगळी दुरुस्त करून दिली. आता एकही आठवत नाही. मला तू हवी आहेस."

मागेपुढे काही नाही. न विनवणी, न लाडीगोडी. पहिल्या दिवशी टेबलावर टाकलेल्या शब्दासारखंच होतं ते, आणि सिन-यूचे डोळे भरून आले. त्यामुळे ती भयंकर संतापली.

"तीनच?" ती म्हणाली.

"काय?"

"तीनच शितं? तीन महिने समोर बसून बघतोस आणि अजून तीनच?" तिने डोळे पुसले. "चार आहेत. चौथा खड्डा इथे आहे, कानामागे, केसांखाली. अर्धवट माहितीवर माणसाला मागणी घालतोस, लाज नाही वाटत?"

तो टेबलावरून पुढे वाकला. भुवया आक्रसून, मन लावून तिच्या कानाकडे बघू लागला.

"इथून दिसत नाही," तो म्हणाला.

"इथून कसा दिसेल," सिन-यू म्हणाली. तिने शेजारची खुर्ची पायाने ओढली आणि केस कानामागे घेतले.

"सरक इकडे."